नवऱ्याची नदी

नवरा कुठे असतो असं कोणी विचारलं की मी बरीच वर्षं सांगत असे, त्याला नदीने नेलं. नवीन ओळखीच्या बायका चुकचुकायच्या, माझा हात हातात घ्यायच्या. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकीने मला हळदीकुंकवाला बोलवायचं टाळलं, आणि पुढे खरं कळल्यावर माझ्याशी बोलणंच सोडलं. खरं असं होतं की माझा नवरा बुडाला नव्हता. तो आफ्रिकेतल्या एका नदीवर चांगला धडधाकट होता. गोऱ्या पाहुण्यांना बोटीतून पाणघोडे आणि हत्ती दाखवत होता. त्याला तिथून परत यायचं नव्हतं, एवढंच.

माझं माहेर उल्हासनगरचं, कॅम्प नंबर चार. वडील वॉचमन होते. आमच्या बराकीच्या ओळीत मराठी घरं दोनच, बाकी सगळे सिंधी. त्यामुळे मला सिंधी बोलता येत नसली तरी कळायची, आणि बाजारात हिंदीत भाव करताना माझा कोणी हात धरत नसे. सासर बदलापूरचं, जुन्या कुळगावातलं. लग्न बुद्धविहारात झालं, पांढऱ्या साडीत. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. दिसायला नीटस, पण इतका कमी बोलायचा की पहिले काही आठवडे मला वाटलं, याला मी पसंतच नव्हते. सासूबाईंना भीत भीत विचारलं तर त्या म्हणाल्या, "तसाच हाय तो लहानपणापासून. त्याच्या मनातलं मला पण कळत नाय."

कामावरून यायचा, रॉकेलने हाताचं ऑइल काढायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मशीनचा आवाज घरी आलं तरी कानातून जात नाही, असं एकदा म्हणाला होता. तेव्हा मी त्याला अहोजाहो करायचे. आता लिहिताना तो म्हणते. तेवढा हक्क मी कमावलाय.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्याच्या कारखान्याला टाळं लागलं. गेटसमोर मंडप पडला, घोषणा झाल्या, पुढारी येऊन हार घालून घेऊन गेले. मग मंडप निघाला. टाळं तसंच राहिलं. नवरा माझ्या वडिलांच्या ओळखीने उल्हासनगरातल्या एका सिंधी शेठच्या दुकानात जाऊ लागला. शेठचा जनरेटर दुरुस्तीचा धंदा. उल्हासनगरात तेव्हा घराघरात कारखाने होते, कुठे जीन्स शिवायचे, कुठे पापड, कुठे प्लास्टिकच्या बरण्या, आणि विजेचा भरवसा नाही. शेठला फुरसत नसायची. वर्षभर माझ्या नवऱ्याचं काम पाहून शेठने एक दिवस आम्हा दोघांना दुकानात बोलावलं. माझ्यासाठी थंडा मागवला.

"मेरे बहनोई को ऐसा ही आदमी चाहिए," तो म्हणाला. "अफ्रीका में उसका कैंप है, जंगल में, नदी के ऊपर. टूरिस्ट लोग आते हैं जानवर देखने. जनरेटर है, बोट है, जीप है, और मिस्त्री एक नहीं टिकता. बेटी, तू भी जा. मेरी बहन को वहाँ ढंग की दाल नसीब नहीं होती."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शेठकडे पाहत होता. "जाऊ," तो म्हणाला. मला विचारलं नाही. पण मीही काही कुळगावच्या त्या खोलीला चिकटून बसले नव्हते. मूलबाळ नव्हतं, हाताला काम नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कॅम्पातून उठून कॅम्पातच चाललीस व्हय गं?" त्यावर आम्ही दोघी खूप हसलो. आईला वाटलं होतं तिथेही बराकी असतील.

देशाचं आणि नदीचं नाव मी इथे लिहिणार नाही. सासूबाईंना ते कधी उच्चारता आलं नाही आणि मला आता उच्चारावंसं वाटत नाही. प्रवासाचा शेवटचा टप्पा चार-सहा माणसं बसतील एवढ्याशा विमानातून. विमान लाल मातीच्या पट्टीवर उतरायच्या आधी पायलटने दोन चकरा मारल्या, पट्टीवर चरणारी हरणं हाकलायला. मग नदी दिसली. मी त्याआधी पाहिलेल्या नद्या म्हणजे बदलापूरची उल्हास आणि आमच्या उल्हासनगरातली वालधुनी, जिला आम्ही नाला म्हणायचो. ही नदी मातकट, रुंद आणि कुठेही घाई नसलेली होती. तिच्या मधोमध वाळूची बेटं, काठावर ताडासारखी उंच झाडं, आणि मैलोन् मैल एकही घर नाही. मी तरी एखादं छप्पर शोधत राहिले. नवरा खिडकीच्या काचेला नाक लावून बसला होता.

कॅम्पचे दोन भाग होते. पुढे नदीच्या अंगाला पाहुण्यांचे तंबू. तंबू म्हणायचे, पण आत पलंग, पांढऱ्या चादरी, पितळेच्या नळाचं न्हाणीघर. मागे झाडांच्या आड आमचा भाग. तिथे जनरेटर, वर्कशॉप, स्वयंपाकघर, कोठार आणि नोकरांच्या झोपड्या. पाहुणे आले की मागच्या माणसांनी पुढे दिसायचं नाही, असा नियम होता. मालकीणबाई, म्हणजे शेठची बहीण, मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "वो लोग जंगल देखने आते हैं. हमको देखेंगे तो उनका मूड खराब होता है." ती हे अगदी सहज म्हणाली. वाईट बाई नव्हती. तिला स्वतःलाही पाहुण्यांसमोर साडी नेसायची बंदी होती, नवऱ्याची.

माझं आयुष्य मागच्या भागात गेलं. डाळ, पोळी, भात, मालकांच्या मुलांसाठी खारी शंकरपाळी. पाहुण्यांना आठवड्यातून एकदा 'करी' लागायची, ती तिथल्या दोन आचाऱ्यांना मी शिकवली. ते माझ्या मिरच्यांना हसायचे. संध्याकाळी अंगावर मोठाल्या माश्या बसायच्या, चावल्या की सुई टोचल्यासारखं होई. पाणघोडे अंधार पडल्यावर चरायला वर यायचे, म्हणून सूर्य मावळला की झोपडीच्या बाहेर एकटीने पाऊल टाकायचं नाही. घाटी बाईच्या नशिबात आफ्रिका आली ती अशी.

नवऱ्याचं वेगळं झालं. पहिले काही महिने तो वर्कशॉपमध्येच होता. बोटीचं इंजिन दुरुस्त केलं की पाण्यात चालवून बघावं लागे. त्या निमित्ताने तो नदीवर जाऊ लागला. तिथला म्हातारा बोटवाला त्याला बरोबर घ्यायचा. पाण्यावर नुसते बुडबुडे दिसले तर खाली पाणघोडा कुठल्या बाजूला चाललाय, वाळूचा दांडा काल इथे होता तर आज कुठे सरकला असेल, हे सगळं नवरा त्याच्याकडून शिकला. स्वाहिली भाषा तो माझ्या दुप्पट वेगाने बोलायला लागला. मग एकदा म्हाताऱ्याला मलेरियाने धरलं आणि पाहुणे काठावर तयार उभे होते. मालकाने माझ्या नवऱ्याला स्वच्छ शर्ट दिला आणि सुकाणूवर बसवलं.

त्या दिवशी तो परत आला तेव्हा बोलत होता. मी पोळ्या लाटत होते आणि तो चुलीशेजारी उकिडवा बसून बोलत होता. हत्तीण पिल्लाला सोंडेने कशी पाण्यात ढकलत होती, पाहुण्यांतली एक म्हातारी बाई कशी रडायलाच लागली, मत्स्यगरुडाने कसा मासा उचलला. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती. एवढी वाक्यं त्याने माझ्याशी सगळी मिळून बोललेली नव्हती. तो हसत होता. त्याच्या उजव्या गालाला खळी पडते हे मला त्या दिवशी कळलं. मी लाटणं हातात धरून ऐकत राहिले. मला बरं वाटलं. आपला माणूस उमलला, असं वाटलं.

मोसम संपत आला, पाहुणे नव्हते, तेव्हा त्याने मला एकदाच बोटीतून नेलं. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. काठाच्या मातीच्या भिंतीत हजारो भोकं होती आणि त्यातून लालभडक वेडे राघू बाहेर पडत होते, सगळा काठ उडाल्यासारखा. पाणघोड्यांचे कळप नुसते कान आणि डोळे वर ठेवून आमच्याकडे बघत होते. हत्ती पलीकडून अलीकडे येत होते. त्याने इंजिन बंद केलं. हत्ती पाण्यातून चालताना पोटाला पाणी लागून जो आवाज होतो, तो मला ऐकू येत होता. तो हळूच म्हणाला, "बघ." त्याच्या आवाजात असं काही होतं की मी हत्तींकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. माझ्याशी तो तसा कधी बोलला नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी खुशीत होते.

मागच्या भागात माझी एक मैत्रीण होती. चादरी धुणारी बाई, माझ्याच वयाची, तिथल्याच गावची. तिला तीन मुलं होती, ती आजीकडे असायची. माझी स्वाहिली भाषा सगळी तिच्याकडून आलेली. ती मला चिडवायची की मी अजून आई नाही तरी सगळे मला 'मामा', म्हणजे आई, म्हणतात, कारण त्यांच्याकडे बाईला मानाने तसंच म्हणतात. मला दिवस गेले तेव्हा मी नवऱ्याच्याही आधी तिला सांगितलं. ती टाळ्या वाजवत माझ्याभोवती नाचली.

त्यानंतर काही दिवसांनी पाण्याचा पंप बिघडला. नवरा पाहुण्यांना घेऊन नदीवर, त्यामुळे पंप दुरुस्त करायला कोणी नाही, आणि चादरी तर संध्याकाळपर्यंत पांढऱ्या व्हायला हव्यात. ती घमेलं घेऊन काठावर गेली. मी कोठारात तांदूळ काढत होते. ओरडणं ऐकून आम्ही सगळे धावलो. काठावर घमेलं होतं आणि चादर अर्धी पाण्यात, अर्धी वर. मगरीने तिला नेलं होतं. पाण्यावर काहीच नव्हतं. नदी जशी रोज असते तशी होती.

मालक आला. त्याने पुरुषांना काठाने शोधायला पाठवलं, आणि बाकीच्यांना सांगितलं, पाहुण्यांना एक शब्द कळता कामा नये. तिचा नवरा कॅम्पच्या मागे जमिनीवर बसून होता. स्वयंपाक थांबला नाही. मला वाटलं, निदान संध्याकाळची बोट आज जाणार नाही. पण चहाच्या वेळेला माझा नवरा आला, सगळं ऐकलं, तोंड धुतलं, स्वच्छ शर्ट घातला. मी झोपडीच्या दारात उभी राहिले.

"तुम्ही जाणार आहात?"

"पाहुणे थांबलेत."

"अहो, तिला अजून काढलंसुद्धा नाही."

"म्हणूनच जातोय वरच्या अंगाला. तिकडे काही दिसणार नाही त्यांना." मग माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "हे इथलंच आहे गं. नदी आहे ती. तिला काय कळतं?"

"नदीला नाही कळत. तुम्हाला?"

तो माझ्या बाजूने वाट काढून गेला. थोड्या वेळाने झाडांमधून मला बोट दिसली. तो उभा राहून पलीकडच्या वाळूकडे हात करून पाहुण्यांना काहीतरी दाखवत होता. वाळूवर मगरी ऊन खात पडल्या होत्या. एक पाहुणी फोटो काढत होती.

शोधणाऱ्यांना माझी मैत्रीण मिळाली नाही. मी त्यानंतर नदीच्या बाजूला गेलेच नाही. रात्रंदिवस पाण्याचा आवाज यायचा आणि मला अन्न जात नव्हतं. मालकीणबाईनेच मला माहेरी पाठवायचं ठरवलं. नवरा विमानापर्यंत सोडायला आला. "बाळ झालं की येतो," म्हणाला. मी विश्वास ठेवला, कारण ठेवू नये असं त्याने तोपर्यंत काही केलं नव्हतं.

मुलगी उल्हासनगरला झाली. बारशाला तो आला नाही, मोसम चालू होता. वाढदिवसाला आला नाही. पत्रं यायची. त्यात रानकुत्र्यांनी पिल्लं घातल्याचं असायचं, पूर येऊन बेट वाहून गेल्याचं असायचं. मुलीला दात आले का, हे विचारायचं राहून जायचं. पैसे मात्र नेमाने यायचे, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही. सासूबाई कुळगावच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "त्यानं तिथं दुसरी केली असंल. हिनं सोडून यायला नको व्हतं." माझी आईही तेच म्हणायची, फक्त हळू आवाजात.

मी शेवटी शेठच्या दुकानात गेले. मुलगी कडेवर होती. शेठने पुन्हा थंडा मागवला. मी सरळ विचारलं.

"नहीं बेटी," शेठ म्हणाला. "मैंने खुद बहन से पूछा है फोन पे. कोई औरत नहीं है. कसम से. सुबह नदी, शाम को नदी. पागल है वो."

मी घरी येऊन खूप रडले. आईला वाटलं, शेठने बाईचं नाव सांगितलं. तिला कसं सांगणार की बाई असती तर बरं झालं असतं? बाईशी भांडता आलं असतं. तिच्यापेक्षा मी कशात कमी आहे ते मला मोजता आलं असतं. चारचौघांनी मला नावं ठेवण्याऐवजी त्याला ठेवली असती.

मी अंबरनाथच्या आनंदनगरला नोकरी धरली. तिथे तेव्हा नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, रस्ते कच्चे, शेड पक्क्या. औषधाच्या गोळ्यांचं पॅकिंग. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, आणि पट्ट्यावरून गोळ्या येत राहायच्या. पहिल्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचं ते मशीनच्या आवाजाबद्दलचं वाक्य कळलं. मला त्याची दया आली, आणि मग रागही आला. आवाज मलाही येत होता. मी कुठे पळून गेले? बदलापूर पूर्वेला एक खोली भाड्याने घेतली. मुलीला सकाळी सासूबाईंकडे सोडायचे, त्या नातीवर जीव टाकायच्या. माझ्याशी बोलायच्या नाहीत, पण डब्यात चटणी घालून द्यायच्या.

मुलगी चारेक वर्षांची असताना तो पहिल्यांदा आला. रंगाने काळवंडलेला, अंगाने सडसडीत, डोळे बारीक करून लांबवर बघायची सवय लागलेली. मुलगी त्याच्याकडे जाईना. त्याने तिला पाणघोड्याच्या हुंकाराची नक्कल करून दाखवली, आणि ती अशी खिदळली की मी तिला तसं हसताना पाहिलंच नव्हतं. एका रविवारी तो आम्हाला बॅरेजवर घेऊन गेला. बंधाऱ्यावर उभा राहून उल्हास नदीकडे बराच वेळ बघत राहिला. खाली पोरं डुंबत होती, बायका गोधड्या धूत होत्या.

"हिच्यात काही नाही," तो म्हणाला.

"माणसं आहेत की," मी म्हटलं.

परतताना मी विषय काढला. आनंदनगरमध्ये मेंटेनन्सला माणसं हवी आहेत, माझे सुपरवायझर तुम्हाला लगेच घेतील. तो रस्त्यात थांबला. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती.

"मी पुन्हा शेडमध्ये नाही जाऊ शकत," तो म्हणाला. "नदीवर मला माणसात असल्यासारखं वाटतं."

"माणसात? तिथे माणसं कुठे आहेत?"

"तेच तर."

"आणि मी? मी इथे कशात आहे?"

त्याने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "तू ये ना. हिला घेऊन ये. मालक नाही म्हणणार नाहीत."

"त्या काठावर हिला खेळवू?" मी विचारलं.

त्याला माझा अर्थ लगेच कळला नाही. जरा वेळाने कळला आणि त्याने मान दुसरीकडे फिरवली. सुट्टी संपायच्या आधीच तो परत गेला. पंख्याच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणाला.

अशी वर्षं गेली. नव्वदच्या दशकात बदलापूर बघता बघता वाढलं, भातशेतीत बिल्डिंगा उभ्या राहिल्या. मी भाड्याची खोली सोडून एका सोसायटीत छोटं घर घेतलं, माझ्या नावावर. पट्ट्यावरून उठून लाइनची सुपरवायझर झाले. मुलगी शाळेत हुशार निघाली. बापाबद्दल विचारायची तेव्हा मी वाईट बोलायचे नाही, चांगलंही बोलायचे नाही. कामाला आहे लांब, म्हणायचे.

मग तिकडे कॅम्प विकला गेला. नवे मालक परदेशी होते. त्यांना परवानाधारक गाइड हवे होते, आणि माझा नवरा कागदावर मिस्त्री होता. इतक्या वर्षांनंतर त्याला वर्कशॉपमध्ये परत जायला सांगितलं. तो नाही म्हणाला, आणि त्याचा व्हिसा पुढे सरकला नाही. तो दोन बॅगा घेऊन माझ्या दारात आला. मी दार उघडलं. काय करणार होते? जेवायला वाढलं. तो गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बांधकामाकडे बघत बसला, आणि पुढे रोजच बसू लागला. तो पुन्हा आधीसारखा गप्प झाला होता, फक्त मुलीशी बोलायचा. सकाळी दोघं नदीकडे पक्षी बघायला जायची. ती घरी येऊन मला धीवर आणि बगळ्यांची नावं सांगायची, आणि मी पोळीचा डबा भरत हो हो करायचे. कंपनीची बस थांबत नसे.

सोसायटीत बातमी पसरली की नदीने नेलेले साहेब खरे आफ्रिकेच्या जंगलात होते. कमिटीने गच्चीवर कार्यक्रम ठेवला. चादर ताणून पडदा केला, कुठल्याशा शिक्षकाकडून स्लाइड दाखवायचं यंत्र आणलं. गोऱ्या पाहुण्यांनी त्याला वेळोवेळी पाठवलेल्या फोटोंच्या स्लाइड होत्या. गच्ची भरली होती. आणि तो बोलायला लागला. तीच खळी, तोच आवाज. हत्ती, वेडे राघू, पूर. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मलाही, मी कबूल करते, क्षणभर त्या बोटीत बसल्यासारखं वाटलं.

मग मगरीची स्लाइड आली. तो म्हणाला, "हिच्यापासून फार सांभाळावं लागतं. एकदा आमच्याकडच्या एका कामवालीला नेलं हिने. एका सेकंदात. नुसती चादर राहिली काठावर." गच्चीवर बायांनी आईगं केलं, पोरांनी एकमेकांना चिमटे काढले. त्याने थोडं थांबून, लोकांचा श्वास अडकलेला आहे हे बघून, पुढची स्लाइड लावायला सांगितली. पुढची जिराफांची होती. सगळे हसले.

तिला तीन मुलं होती हे त्याने सांगितलं नाही. ती माझ्या पोटातल्या मुलीसाठी नाचली होती हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी उठून जिन्याने खाली आले.

कार्यक्रम संपल्यावर दोघं घरी आली. मुलीचे गाल तापले होते. ती मला म्हणाली, "आई, तू पण होतीस ना गं तिथे? तू काय करायचीस?"

मी उत्तर देण्याआधी तो म्हणाला, "आई मागे असायची, किचनमध्ये. आईला जंगल आवडलंच नाही कधी."

तो हे रागाने म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. एवढ्या वर्षांत मी काय काय केलं, कोणाकोणाचं ऐकून घेतलं, त्याची सगळी गोष्ट त्याने त्या एका वाक्यात बसवली होती आणि आता ती माझ्या मुलीची झाली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलगी मैत्रिणीकडे गेल्यावर मी त्याला म्हटलं, "तुम्ही कुळगावला आईंकडे राहा. त्यांचं वय झालंय, त्यांना कोणीतरी हवंय."

"आणि तू?"

"मी इथेच आहे. हे माझं घर आहे."

"माझं काय चुकलं?" त्याने विचारलं. मी मगरीच्या स्लाइडचं सांगितलं, ती चादरी धुणारी बाई कोण होती ते सांगितलं. तो ऐकत होता. "तिला मी पण ओळखायचो," तो म्हणाला. "पण लोकांना काय सांगणार मग?" मी उठून कपाट उघडलं. त्याच्या दोन्ही बॅगा मीच भरल्या.

सासूबाईंनी मला दगडाच्या काळजाची म्हटलं. माझ्या आईनेही, इतक्या वर्षांनी नवरा परत मिळाला तो घालवलास, म्हणून महिनाभर तोंड फिरवलं. सोसायटीतल्या बायका जिन्यात भेटल्या की विषय बदलायच्या. त्याने काही दिवसांनी शेठच्या दुकानात पुन्हा कामाला सुरुवात केली, जनरेटरच्याच. शेठही आता म्हातारा झाला होता.

मुलगी रविवारी सकाळी कुळगावला जायची आणि दोघं नदीवर जायची. मी तिला कधी अडवलं नाही. तिला तिथे काय मिळत होतं ते मला माहीत होतं. मलाही ते एकदा, त्या बोटीत, एका संध्याकाळपुरतं मिळालं होतं. ती गेली की मी दार लावून घ्यायचे. आठवड्याची धुणी असायची, नळाला पाणी तासभरच यायचं. बादल्या भरून झाल्या की मी केस धुवायचे आणि गॅलरीतल्या त्या खुर्चीवर वाळवत बसायचे. समोरची बिल्डिंग एव्हाना पूर्ण झाली होती. तिथल्या नव्या बाईने एकदा हात हलवला. मीही हलवला.